प्रांजळपणा कुणाचा?

देवउठनी एकादशी झाली की माळव्यात लग्नसराई सुरू होते. देवासला ए. बी. रोडच्या कडेने आणि धारला गावाबाहेर जी ‘मॅरेज गार्डन्स’ उभी राहिली आहेत त्यांच्या कमानींवर दिवे चढतात आणि आपल्या मराठी घरांतूनही निमंत्रणपत्रिका येऊ लागतात. या समारंभांच्या अंदाजपत्रकात पूर्वी ‘फोटो’ असे एकच कलम असे. आता छायाचित्रकार जे दरपत्रक हाती ठेवतो त्यात ‘ट्रॅडिशनल’ वेगळे, ‘कँडिड’ वेगळे, ‘ड्रोन’ वेगळा आणि ‘रील’ वेगळी. माझा आक्षेप यातील कँडिड या कलमावर आहे. त्यातही त्या नावाखाली लहान मुलांचे जे केले जाते त्यावर आहे. तो सौम्य नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

शब्दापासून सुरुवात करणे बरे. कँडिड हा शब्द मूळ लॅटिनमधला. त्याचा अर्थ शुभ्र, निर्मळ. इंग्रजीत तो निष्कपट, मनात एक आणि ओठांवर दुसरे नसलेला माणूस या अर्थी रुळला. मराठीत त्याला ‘प्रांजळ’ हा सुंदर प्रतिशब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहे. आता प्रश्न असा की, लग्नमंडपातल्या कँडिड छायाचित्रात प्रांजळ कोण असते? मूल असते. छायाचित्रकार तर खांबाआड, लांब पल्ल्याची दुर्बिणीसारखी लेन्स लावून, त्या मुलाला आपली चाहूल लागू नये अशा बेताने उभा असतो. त्याच्या कृतीत प्रांजळ असे काहीही नाही. शिकाऱ्याने आपल्या धंद्याला हरणाच्या गुणाचे नाव द्यावे, तसा हा प्रकार आहे.

कुणी म्हणेल, मोठ्यांचीही कँडिड छायाचित्रे निघतातच की. निघतात, पण ती कशी निघतात ते एकदा जवळून पाहावे. वधूला सांगितले जाते की खिडकीकडे बघा, आता जणू काही आठवले अशा रीतीने हसा. वराला मनगटावरचे घड्याळ बांधण्याचा अभिनय चार वेळा करावा लागतो. मामा-मावश्यांना कॅमेरा दिसताच त्या पदर सावरतात, पोट आत घेतात, जेवता जेवता हातातला घास खाली ठेवतात. एवढे करूनही जे नको ते टिपले गेलेच, तर अल्बम छापण्यापूर्वी ‘सिलेक्शन’ नावाचा विधी असतो. त्यात वाकडे तोंड, सुटलेली हनुवटी, पेंगलेले डोळे सगळे गाळले जाते. म्हणजे मोठ्यांचे कँडिड हे ठरवून, तपासून, मंजूर करून घेतलेले नाटक असते. मंडपात खऱ्या अर्थाने कँडिड अशी एकच जमात उरते, ती मुलांची. त्यांना कॅमेऱ्याचे भान नसते, आणि सिलेक्शनच्या वेळी त्यांना कुणी बोलावत नाही. गुलाबजामच्या पाकाने माखलेले तोंड, अंतरपाटाखालून डोकावणारे डोळे, मंगलाष्टकांच्या वेळी आईच्या मांडीवर तोंड उघडे टाकून झोपलेला जीव, हळदीनंतर उघड्याने पळणारे पोर. हे सारे गोड असते यात शंका नाही. गोड आहे म्हणूनच ते विकले जाते.

आमच्या लहानपणी हे नव्हते, असा सूर मला लावायचा नाही. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे लेख मीच अर्ध्यावर सोडतो. तथापि थोडा इतिहास आवश्यक आहे. लाला दीनदयाळ हे नाव आपल्या भागात तरी विसरले जाऊ नये. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून १८६६ साली ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात आले, म्हणजे आम्हा लोकांसारखेच सरकारी नोकर. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि मध्य भारतातील राजेरजवाडे, किल्ले, दरबार यांची चित्रे काढता काढता पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्या काळी तिवई, काचेची प्लेट, काळे कापड हा सारा सरंजाम समोर मांडला जाई. आपली छबी उतरवली जात आहे हे राजाला कळे, त्याच्या हुजऱ्याला कळे आणि त्याच्या पायाशी बसवलेल्या राजपुत्रालाही कळे. हीच रीत पुढे सामान्यांच्या घरांत आली. लग्नाचे ते सामूहिक छायाचित्र आठवा: मध्ये खुर्च्यांवर वधूवर आणि वडीलधारे, मागे उभे पुरुष, आणि पुढे सतरंजीवर मांडी घालून बसवलेली आम्ही पोरे. त्यात मुले गोजिरवाणी मुळीच दिसत नाहीत. ताठ, भेदरलेली, डोळे वटारलेली दिसतात. जबरदस्ती तिथेही होती. काकांनी दटावून बसवलेले असे. परंतु आपल्यासमोर काय चालले आहे हे मुलाला ठाऊक होते, आणि ठाऊक असल्यामुळे त्याला ऐन क्षणी मान फिरवण्याची किंवा जीभ दाखवण्याची मुभा होती. जुने अल्बम चाळले तर ती मुभा कुणी कुणी घेतलेली दिसते. शिवाय एका रोलमध्ये छत्तीस चित्रे, प्रत्येकाला पैसे. पोरांवर दोनचार खर्च झाली तरी यजमानाच्या कपाळाला आठी पडे. तेव्हाचा संयम हा सद्गुण नव्हता, काटकसर होती, हे मान्य करायला हवे. आता एका लग्नात हजारोंनी चित्रे निघतात आणि त्या काटकसरीबरोबर तिचा उपयोगही गेला.

न कळत चित्र टिपण्याची कला मुळात कुणासाठी जन्मली, हेही पाहण्यासारखे आहे. ‘कँडिड कॅमेरा’ हे शब्द प्रथम ज्याच्या चित्रांना उद्देशून वापरले गेले तो एरिख सॉलोमन हा बर्लिनचा जर्मन ज्यू. १९२८ साली त्याने कॅमेरा टोपीत दडवून एका खुनाच्या खटल्याची चित्रे घेतली. १९३० च्या हेग परिषदेत मध्यरात्र उलटून गेल्यावर खुर्च्यांत कलंडलेले मंत्री त्याने टिपले. युरोपचे भवितव्य ठरवणारी ही माणसे दमतात, पेंगतात, कंटाळतात, हे लोकांना प्रथमच दिसले. १९३१ साली पॅरिसमध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री आरिस्तीद ब्रियां यांनी त्याला हेरले, त्याच्याकडे बोट दाखवले, आणि ते बोट दाखवतानाचेच चित्र त्याने घेतले. ते जगप्रसिद्ध आहे. १९४४ साली ऑशविट्झच्या छळछावणीत तो मारला गेला. या माणसाविषयी मला नितांत आदर आहे. त्याचा कॅमेरा ज्यांच्यावर रोखलेला होता ते सत्ताधारी होते. त्यांच्या हाती पोलीस होते, वृत्तपत्रे होती, निदान बोट दाखवण्याची ताकद होती. आज ते हत्यार आपण मंडपातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर रोखले आहे. त्याला बोट दाखवता येत नाही. दाखवले तरी ‘अगं बाई, किती गोड!’ म्हणून तेही टिपले जाते.

यात कुणाचे काय बिघडले, असे विचारणाऱ्यांसाठी एक हकीकत सांगतो. देवासच्या माझ्या एका स्नेह्यांची नात, वय वर्षे आठ. आत्याच्या लग्नात ती करवली होती. सीमंतपूजनापासून हातात करा घेऊन ती जी उभी राहिली ती दुसऱ्या दिवशीच्या पाठवणीपर्यंत. झोप नाही, जेवण धड नाही. आत्या गाडीत बसू लागली तेव्हा या मुलीने तिचा शालू दोन्ही हातांनी धरला आणि ती हंबरडा फोडून रडली. नाक वाहत होते, काजळ गालांवर ओघळले होते, घशातून शब्द फुटत नव्हता. ज्यांनी ते पाहिले त्यांच्याही डोळ्यांत पाणी आले. छायाचित्रकाराच्या मदतनिसाने ते मोबाईलवर टिपले. त्याच रात्री त्याचा वेग मंद करून, मागे एक विनोदी गाणे लावून, त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची चिन्हे डकवून दुकानाच्या जाहिरातीसाठी ते इंटरनेटवर चढले. चार दिवसांत ते मुलीच्या शाळेत पोहोचले. देवास हे काही मुंबई नव्हे. इथे कुणाची मुलगी कोणत्या वर्गात आहे हे सर्वांना माहीत असते. मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुली एकमेकींचे फ्रॉक धरून तिच्यासारख्या रडून दाखवू लागल्या.

आजोबा दुकानात गेले. दुकानदार उर्मट नव्हता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, ‘अंकलजी, बच्ची कितनी क्यूट लग रही है! दुल्हन ने खुद लाइक किया है.’ त्याच्या लेखी परवानगीचा प्रश्न तिथेच मिटला होता. दोन खेपा घातल्यावर त्याने ते काढून टाकले. तोवर ते कितीजणांनी उतरवून घेतले होते याचा हिशेब ना त्याच्याकडे होता, ना कुणाकडे. पुढच्या वैशाखात धारला त्यांच्याच नात्यात दुसरे लग्न होते. ही मुलगी गेली, पण पाठवणी होईपर्यंत कोठीच्या खोलीत नारळांच्या पोत्यापाशी बसून राहिली. का, तर तिथे कॅमेरेवाला येत नाही. तिला तिथून बाहेर आणण्यासाठी घरच्यांनी जे जे उपाय केले त्यांतला एक असा होता की, तिचा एक छान फोटो काढू म्हणून तिला आमिष दाखवले गेले. यावर अधिक काय लिहावे?

या मुलीने रडून कोणता अपराध केला होता? तिने त्या दोन दिवसांत सर्वांत खरी गोष्ट केली होती. पाठवणीच्या वेळी रडणे हा आपल्याकडे एके काळी कुटुंबाचा खाजगी व्यवहार होता. मंडपातली पाचपन्नास माणसे तो पाहत आणि घरी जाऊन विसरत. पाहणाऱ्याचेही डोळे ओले असत, म्हणून पाहण्याचा त्याला अधिकार पोहोचे. ज्याचे डोळे ओले नाहीत, ज्याला ती आत्या कोण हे ठाऊक नाही, अशा माणसाने दूर कुठेतरी अंगठ्याने पडदा सरकवता सरकवता ते पाहावे, यात त्या मुलीच्या दुःखाची जी अवस्था होते तिला बेअब्रू हाच शब्द योग्य आहे. आठ वर्षांच्या मुलीला अब्रू नसते असे समजणाऱ्यांशी माझा वाद आहे.

आता बचावाचे मुद्दे घेऊ. पहिला नेहमीचा: आईबापांची हरकत नसते. शासकीय सेवेतल्या तीस-बत्तीस वर्षांत ‘संमती’ या शब्दाशी माझा पुष्कळ संबंध आला. भूसंपादनातली संमती, ग्रामसभेची संमती, वाटणीपत्रावर सहहिस्सेदारांची संमती. अनुभवाने एवढे कळले की, ज्याची संमती मिळणे अवघड त्याला वगळून ज्याची सहज मिळते त्याची सही घेणे ही फार जुनी युक्ती आहे. लग्नात नेमके तेच होते. छायाचित्रकार विचारतो वधूपित्याला, कारण पैसे तो देतो. वधूपिता हो म्हणतो. पण मुले कुणाची? पाहुण्यांची. त्या पाहुण्यांना कुणी विचारत नाही. आणि विचारले तरी मंगलकार्यात ‘नको’ म्हणून विरस कोण करणार? मुलाला विचारण्याची तर कल्पनाच कुणाच्या डोक्यात येत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १७ वे कलम असे आहे की, मोबदला देऊन कुणी छायाचित्र काढवून घेतले असेल तर, उलट करार नसल्यास, त्याचा प्रथम स्वामी तो काढवून घेणारा असतो. म्हणजे दुकानदार आपल्या जाहिरातीत ही चित्रे झळकवतो तेव्हा बहुधा यजमानाच्याच हक्कावर तो पाय देत असतो, आणि यजमानाला त्याचा पत्ता नसतो. परंतु या कलमात चित्र काढणारा आहे, पैसे देणारा आहे. चित्रात जो आहे तो कुठेच नाही. ही उणीव भरण्याची सुरुवात फार उशिरा झाली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्यात न्यायमूर्ती कौल यांनी मुलांच्या इंटरनेटवरील पाऊलखुणांचा स्वतंत्र विचार केला आणि बालपणातल्या चुकांचे ओझे त्यांनी जन्मभर वाहावे हे त्यांना मान्य झाले नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे आणि त्याच्या माहितीच्या वापरास पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; त्या अधिसूचनेनुसार मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी अंमलात यायच्या आहेत. घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेला वापर या कायद्यातून वगळला आहे, हे लक्षात घ्यावे. म्हणजे मामाने काढलेल्या फोटोशी कायद्याला कर्तव्य नाही. दुकान चालवणाऱ्याला मात्र ही पळवाट सहजासहजी मिळू नये. फ्रान्सने आणखी एक पाऊल टाकले. तेथे १९ फेब्रुवारी २०२४ च्या कायद्याने मुलाच्या प्रतिमेचा अधिकार जपणे हे आईबापांचे कर्तव्य ठरवले, आणि ते करताना मुलाचे वय व समज पाहून त्यालाही सामील करून घ्यावे असे म्हटले. आपल्याकडे हे ऐकून हसणारे पुष्कळ निघतील. आपल्याच देशाने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या सोळाव्या कलमात मुलाच्या खाजगीपणाचा उल्लेख आहे, हे त्यांना सांगावे.

दुसरा बचाव आठवणींचा. हा मला अधिक वजनदार वाटतो, कारण त्यात खोटेपणा नाही. लेकराचे निजलेले तोंड कोणत्या आईला जपून ठेवावेसे वाटणार नाही? माझा विरोध त्या चित्राला नाही. ते काढावे, छापावे, घरच्या कपाटात ठेवावे, मूल मोठे झाल्यावर त्याच्या स्वाधीन करावे. टिपणे आणि प्रसिद्ध करणे या दोन कृती आहेत, आणि त्यांच्यामध्ये पूर्वी काळाचे व विचाराचे मोठे अंतर असे, एवढेच माझे म्हणणे आहे.

याचे एक उदाहरण आपल्या देवासच्याच इतिहासात आहे. ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव म्हणून येथे राहिले. राजवाड्यातले उत्सव, रुसवेफुगवे, गोंधळ हे सारे त्यांनी बघितले आणि घरच्यांना पत्रांतून कळवले. ती पत्रे ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली १९५३ साली. म्हणजे बत्तीस वर्षांनी, आणि महाराजांचे १९३७ मध्ये पाँडिचेरीला निधन होऊन गेल्यानंतर. त्यातही जे अधिक खाजगी होते ते पुस्तकाबाहेर ठेवले. ते फॉर्स्टर यांच्या मृत्यूनंतर, १९८३ साली छापले गेले. हे पुस्तक वाचून आपल्या गावाला हसल्यासारखे वाटते अशी तक्रार करणारे जुने लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य नाही असेही नाही. पण बत्तीस वर्षे थांबण्यात त्या परक्या माणसाने जो विवेक दाखवला त्याचा शतांशही, मंडपातून घरी पोहोचण्याआधी रील चढवणाऱ्या आपल्या माणसांत दिसत नाही. फॉर्स्टरने ज्यांच्याविषयी लिहिले ती तर मोठी माणसे होती.

दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही. तरीही आमच्या आज्या नातवंडाच्या गालावर किंवा कपाळाच्या कडेला काजळाची तीट लावत, लग्नाहून परतल्यावर मीठमोहऱ्या ओवाळून टाकत, त्यामागची समजूत अगदीच टाकाऊ नव्हती, असे अलीकडे वाटू लागले आहे. परक्या नजरा पुष्कळ झाल्या की लेकराला त्या सोसत नाहीत, एवढेच त्यांना म्हणायचे होते. एका मंडपातल्या दोनशे नजरांसाठी तीट लावणारे आपण, आता तेच मूल लाखो नजरांपुढे ठेवतो आणि किती नजरा पडल्या त्याचा आकडा अभिमानाने एकमेकांना दाखवतो. आणि नजर आता केवळ माणसाची राहिलेली नाही. हल्ली काही लग्नांत प्रवेशद्वारापाशी चौकोनी ठिपक्यांचा एक कागद लावलेला असतो. त्यावर मोबाईल धरून स्वतःचा चेहरा दाखवला की हजारो चित्रांतून तुमची तेवढी यंत्र शोधून देते. सोय मोठी आहे. तिच्यासाठी मंडपातल्या प्रत्येक मुलाचा चेहरा यंत्राने मोजून ठेवलेला असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी जमवलेल्या लायन-५बी या प्रचंड संग्रहात ब्राझीलच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या मुलांची कौटुंबिक छायाचित्रे सापडल्याचे ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२४ साली दाखवून दिले. ती छायाचित्रे कुणी चोरली नव्हती. घरच्यांनीच कौतुकाने लावली होती.

इथवर मी आपल्या मुलांविषयी लिहिले. पण धार जिल्ह्यात राहून एवढ्यावर थांबणे लबाडीचे ठरेल. होळीआधीच्या आठवड्यात कुक्षी, बाग, टांडा या भागात भगोरियाचे बाजार भरतात. भिल्ल आणि भिलाला मुली एकसारख्या रंगाचे कपडे, चांदीचे दागिने घालून टोळ्याटोळ्यांनी येतात, ढोल वाजतात, पाळणे फिरतात. आणि शहरांतून गाड्या भरभरून कॅमेरे येतात. त्यांत आपली सुशिक्षित, मराठी, कलासक्त मंडळीही असतात. प्रदर्शनांत त्यांच्या चित्रांना बक्षिसे मिळतात. ‘कँडिड’ हा शब्द तिथे फारच सैल सुटतो. तेरा-चौदा वर्षांची मुलगी बर्फाचा गोळा खात असते आणि तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर लेन्स असते. तिने ओढणी तोंडावर घेतली तर तेही चित्र उत्तमच. त्याला ‘लज्जा’ असे शीर्षक देता येते. वर पुन्हा भगोरिया म्हणजे आदिवासींचा लग्नाचा बाजार, ही आदिवासी संघटनांनी वारंवार नाकारलेली दंतकथा चित्राखाली छापली जाते, म्हणजे त्या पोरीवर आणखी एक शिक्का. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत टिपलेली अफगाण मुलगी १९८५ साली नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आली आणि साऱ्या जगाने तिचे डोळे पाहिले. तिला स्वतःला ते चित्र २००२ साली दाखवले गेले. बागच्या बाजारातल्या किती मुलींना त्यांचे चित्र कधी कुणी दाखवले असेल? आपल्या मुलीची रील पाहून संतापणाऱ्या बापाने भगोरियाची आपली चित्रे एकदा काढून पाहावीत.

छायाचित्रकारांवर नवी जबाबदारी कशी टाकावी, असेही विचारले जाते. अहो, ती आहेच. अक्षय तृतीया जवळ आली की आमच्या प्रांतात जिल्हा प्रशासन छापखाने, मंडपवाले, बँडवाले, केटरर आणि छायाचित्रकार यांना ताकीद देते की वधूवरांच्या वयाची खात्री झाल्याशिवाय काम घेऊ नका; बालविवाहाला हातभार लावणाराही २००६ च्या कायद्याखाली दोषी ठरू शकतो. अशा ताकिदीच्या कागदांवर सह्या करण्यात आमची निम्मी नोकरी गेली. म्हणजे बोहल्यावर कोण उभे आहे याची चौकशी छायाचित्रकाराने करावी ही अपेक्षा आपण रास्त मानतो, आणि बोहल्याखाली खेळणाऱ्या मुलाच्या आईला दोन शब्द विचारावेत ही अपेक्षा मात्र जाचक ठरते. त्यांच्या पोटावर पाय यावा असे मला वाटत नाही. या दोन्ही शहरांतले बहुतेक छायाचित्रकार कष्टाळू तरुण आहेत, कर्जाने कॅमेरे घेतलेले आहेत, आणि जाहिरात केल्याशिवाय पुढचे काम मिळत नाही हे खरे आहे. जाहिरात वधूवरांच्या चित्रांची करावी. ती सज्ञान आहेत, हो-नाही म्हणू शकतात.

खरे काम यजमानांचे आहे आणि त्यांच्यापेक्षाही आपल्या संस्थांचे. सभागृह भाड्याने देताना आपली मंडळे जो अर्ज भरून घेतात तो ज्यांनी वाचला असेल त्यांना ठाऊक आहे की त्यात मद्यपानाविषयी अट आहे, रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकाविषयी आहे, भिंतीला खिळे ठोकण्याविषयी आहे आणि फुटलेल्या कपबश्यांच्या भरपाईचा दरही आहे. मुलांविषयी एक अक्षर नाही. त्यात पुढील मजकूर जोडावा अशी सूचना मी आमच्या मंडळाकडे लेखी दिली आहे: ‘समारंभात घेतलेली अठरा वर्षांखालील मुलांची छायाचित्रे व चित्रफिती, त्या त्या मुलाच्या पालकांच्या लेखी संमतीशिवाय आणि मूल सांगण्याजोगे असल्यास त्याला विचारल्याशिवाय, छायाचित्रकार अथवा यजमान प्रसिद्ध करणार नाहीत, रडणाऱ्या, निजलेल्या, कपडे बदलणाऱ्या वा उघड्या मुलाचे चित्र कोणत्याही स्थितीत प्रसिद्ध केले जाणार नाही, आणि अल्बम हाती आल्यापासून तीन महिन्यांत छायाचित्रकार आपल्याकडील मुलांच्या चित्रांच्या प्रती नष्ट करून तसे लिहून देईल.’ कार्यकारिणीत एका सदस्याने शंका काढली की यामुळे लोक आपले सभागृह सोडून गार्डनकडे वळतील. वळतीलही काही. दुसऱ्याने विचारले की मंडळाच्या स्वतःच्या स्नेहसंमेलनाच्या फलकावर जी मुले झळकतात त्यांचे काय. तो प्रश्न अगदी रास्त होता आणि त्यावर त्या दिवशी निर्णय झाला नाही. भाषेत सुधारणा ज्यांना सुचतील त्यांनी गुढीपाडव्यापूर्वी कळवाव्यात, कारण त्यानंतर उन्हाळी तिथींसाठी सभागृहाच्या पावत्या फाटू लागतात.